जांभळ्या फितीची लाल स्कूटर

मित्रांनो, मी एक भाड्याची स्कूटर आहे. कधीकाळी लालचुटूक होते, आता उन्हानं विटकरी झाले आहे. तुमच्या रस्त्यावरून फुर्रकन पळते तसली मी नव्हे. मला चार बुटकी चाकं, एक गुबगुबीत खुर्ची, धरायला दांडा आणि अंगठ्यानं दाबायचा एक खटका. गुडघ्यांनी दगा दिलेली, चार पावलांत दम लागणारी माणसं माझ्यावर बसतात आणि फ्लोरिडातल्या एका भल्यामोठ्या थीम पार्कमध्ये दिवसभर हिंडतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. माझा स्वभाव जळका आहे.

का नसावा? कारखान्यातून आम्ही सगळ्या बहिणी एकाच ट्रकमध्ये बसून निघालो. काही दुकानात उतरल्या, विकल्या गेल्या आणि आपापल्या घरी नांदायला गेल्या. आम्ही उरलेल्या इथे आलो. त्या घरंदाज बहिणी कधीमधी मालकाबरोबर पार्क बघायला येतात, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. कुणाच्या दांड्यावर नातवंडांनी चिकटवलेली चित्रं, तर कुणाच्या खुर्चीला विणलेलं आवरण. एकीला तर चक्क नाव होतं! तिचा म्हातारा मालक तिला 'शर्ली' म्हणून हाक मारायचा. संध्याकाळी ती शर्ली गाडीच्या मागे चढून ऐटीत घरी जायची. मला मात्र फाटकाबाहेर न्यायलाच मनाई. आज एकाची, उद्या दुसऱ्याची, आणि रात्री छपरात विजेच्या तारेला बांधलेली.

सुरुवातीला माझाही तोरा होता. छपरात कामाला असलेला रिगो मला रोज पुसायचा, "ही माझी राणी," म्हणायचा. लोक मुद्दाम मलाच मागायचे. मग वर्षं गेली. पोरं माझ्या पाठीवर उभी राहिली, केचप सांडलं, कुणीतरी खुर्चीवर बसून टोकदार काहीतरी खुपसलं आणि गादी फाटली. रिगोनं तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली. नंतर नव्या स्कूटरी आल्या. दिसायला माझ्यासारख्याच लाल, पण चकचकीत, मऊ गादीच्या, पेला ठेवायला खळगा असलेल्या. रिगो त्यांना पुसू लागला. मी कोपऱ्यात उभी राहून बघत बसायची. नव्याचे नऊ दिवस असतात हे ठाऊक होतं, पण माझे नऊ केव्हा सरले ते मला कुणी सांगितलंच नाही.

तरी एक बाई मला विसरली नव्हती. तिचं नाव व्हर्लीन. जॉर्जियातल्या वेक्रॉस गावची. दर जुलैमध्ये त्यांचं अख्खं गोत बस करून इथे येतं. म्हातारी, तरणी, तान्ही, सगळी. सगळ्यांचे शर्ट एका रंगाचे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी रंग जांभळा होता. दुपारी तळ्याकाठच्या जुन्या ओकच्या झाडाखाली सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो, आणि त्या फोटोची रीत ठरलेली आहे. घरातली सर्वांत मोठी बाई मध्ये बसते आणि तिच्या मांडीवर त्यांच्या आईची तसबीर असते. चर्चला जायची मोठी टोपी घातलेली, ओठ मिटून हसणारी आई. ते झाल्याशिवाय कुणी बसमध्ये चढत नाही.

सर्वांत मोठी होती व्हर्लीन. तिच्या पाठची बहीण लुडी जेमतेम वर्षानं धाकटी. तेवढ्या एका वर्षापायी मधली जागा तिची कधीच नव्हती.

"निघाली बघा राणीसरकार!" मला भाड्याच्या दुकानातून बाहेर काढल्या काढल्या लुडी म्हणाली. "पाय झिजतील म्हणून चाकं लावून घेतली आहेत."

"तुझी जीभ नाही गं झिजत," व्हर्लीन म्हणाली.

"मी आपली देवानं दिलेल्या पायांनी चालते बाई. आणि हा कसला खटारा घेतलास? नवी नव्हती का?"

खटारा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तळपाय नाहीत मला, पण चाकं तरी तापलीच असतील.

"ही माझ्या ओळखीची आहे," व्हर्लीन म्हणाली आणि माझ्या दांड्याला जांभळी फीत बांधली.

ही फीत हौसेची नव्हे. आम्ही सगळ्या एकसारख्या दिसतो, आणि कारखान्यानं आम्हा सगळ्यांना एकच किल्ली दिली आहे. कुठलीही किल्ली कुठल्याही स्कूटरीला लागते. म्हणून जो तो आपलीला काहीतरी खूण बांधतो. कुणी रुमाल, कुणी फुगा. व्हर्लीनचा भाचा टेरेल, तिच्या भावाचा मुलगा, सगळ्या गोताचा कारभारी होता. त्यानं ह्या फितींची अख्खी गुंडाळी आणली होती, ज्याला हवी त्याला कापून देत होता.

आईची तसबीर व्हर्लीननं पंच्यात गुंडाळली आणि माझ्या खुर्चीमागच्या पिशवीत ठेवली. लुडीची नजर त्या पिशवीवरून हलेना. मी मनात म्हटलं, अच्छा, असं आहे तर. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसं जळणाऱ्याचं जळणाऱ्याला बरोबर कळतं. माझा राग काही गेला नाही, पण बाई ओळखीची वाटू लागली.

दुपार चढली तशी लुडी मागे पडू लागली. दर बाकावर टेकायची, गुडघा चोळायची, आणि आमच्याकडे कुणी पाहिलं की ताडकन उठून "काय सुंदर फुलं आहेत!" म्हणायची. मागे फुलं नसायची, कचऱ्याचा डबा असायचा.

"आत्या, तुझ्यासाठी पण एक घेऊ या का?" टेरेलनं विचारलं.

"मी मेले की घे," लुडी म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी गार काहीतरी पिऊन येते."

पक्ष्यांचा खेळ बंद सभागृहात होता. आत आम्हाला नेत नाहीत. व्हर्लीननं मला बाहेरच्या रांगेत उभं केलं आणि टेरेलच्या दंडाला धरून ती आत गेली. जरा वेळानं एक नवी स्कूटर आली. चकचकीत, मऊ गादीची. आणि तिच्यावर कोण? लुडी! मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसा चेहरा करून बसली होती. इकडे तिकडे पाहिलं, नवीला माझ्याच शेजारी लावलं, खिशातून जांभळी फीत काढली आणि तिच्या दांड्याला बांधली. बांधली नसती तर रांगेत शोधणार कशी! मग किल्ली खिशात टाकून गुपचूप शेवटच्या ओळीत जाऊन बसली असणार.

त्या नवीकडे मी बघितलंसुद्धा नाही. म्हणजे, सारखी बघत होते.

खेळ सुटला. "आत्या, भराभर चल," टेरेल म्हणाला. "ढग आलेत. वीज चमकली की तळ्याकाठी कुणाला उभं राहू देत नाहीत, फोटो राहील!" आणि तो पोरांना गोळा करत पुढे पळाला. व्हर्लीन काळोखातून एकदम त्या पांढऱ्या उन्हात आली. डोळ्यांवर हात धरला. तिला लाल दिसलं, जांभळं दिसलं. ती नवीवर बसली, किल्ली लागली, आणि गेली.

मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत गेली! 'ही माझ्या ओळखीची आहे' म्हणणारी बाई! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मऊ गादी मिळाली तशी विसरली, असंच मला वाटलं. मी तिथे उभ्या उभ्या इतकी जळले की माझ्या गादीवर भाकरी भाजली असती.

गर्दी ओसरल्यावर लुडी लंगडत बाहेर आली.

"अगं बाई! माझी गाडी कुठाय?" रांग वरपासून खालपर्यंत पाहिली. माझी चिकटपट्टी दिसली. "हा तर व्हर्लीनचा खटारा. म्हणजे ती माझ्या..." आणि ती मोठ्यानं हसली. हसता हसता तिचा हात माझ्या मागच्या पिशवीला लागला. आत कडक काहीतरी होतं. तिनं पंचा उलगडला आणि हसणं थांबलं.

तसबीर घेऊन ती बाकावर बसली. मांडीवर नीट ठेवली.

"आई," ती म्हणाली, "बघ, आज तू माझ्या मांडीवर. तिकडे ती बसली असेल मध्ये, रिकाम्या हातांनी. बसू दे. मी नाही उठायची. कुणाला कळणार आहे? मेली आयुष्यभर वर्षानं मोठी!"

ढग गडगडले. लुडी उठली नाही. मीसुद्धा मनात म्हणत होते, नकोच उठूस. मला सोडून गेली ना ती, भोग म्हणावं. आम्ही दोघी अगदी जोडीनं जळत बसलो होतो.

मग पुन्हा गडगडलं. लुडीनं तसबिरीवरचा घाम पदरानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाली, "आता तूही डोळे वटारू नकोस. जाते."

तसबीर छातीशी धरून ती माझ्यावर बसली. किल्ली लागली. लागणारच होती. माझ्या वेगाच्या चकतीवर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला आहे. तिनं चकती थेट सशावर नेली. पण माझी बॅटरी जुनी, दिवसभर राबलेली. तळ्याकडे जाणाऱ्या लाकडी पुलाच्या चढावर लाल दिवा लागला आणि माझं कासव झालं.

"चल गं म्हातारे," लुडी म्हणाली. तिनं माझ्या चिकटपट्टीवर थोपटलं. "थांबू नकोस. खटारा म्हटलं, चुकलं माझं. पट्ट्या लावून का होईना, तू चालतेस. माझ्या गुडघ्यांना पट्टीही चिकटत नाही."

मला वाटलं होतं हिला कशाला पोचवू. पण किती दिवसांनी कुणी मला थोपटलं होतं! मी रडतकुढत तो चढ चढले.

ओकखाली सगळं जांभळं गोत उभं होतं. मध्ये नवीवर व्हर्लीन, पिशवी उलटीपालटी करत होती. "टेरेल, आई कुठाय? हरवली रे माझ्याकडून! आता मी कुणाला तोंड दाखवू?" इतक्यात सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. देवानं दिलेल्या पायांनी चालणारी लुडी स्कूटरीवर!

"आत्या," टेरेल म्हणाला, "राणीसरकार किती झाल्या आता आपल्याकडे?"

"हस मेल्या. माझ्या वयाचा हो, मग बघते." लुडीनं तसबीर व्हर्लीनपुढे धरली. "घे. किल्लीचा घोळ झाला. तू माझी गाडी पळवलीस."

"तुझी? तू भाड्यानं घेतलीस? आणि सकाळपासून मला टोचून खातेस!"

"जळत होते म्हणून टोचत होते," लुडी एकदम म्हणाली. "तू बसलेली, आई तुझ्या मांडीवर, मधली जागा तुझी. मला काय, तर गुडघे. आत्ताही बाकावर बसून ठरवलं होतं, नाहीच देत आणून."

व्हर्लीननं बहिणीकडे पाहिलं आणि नवी जरा बाजूला सरकवली. "मग अशी लांब काय उभी आहेस? ये इकडे. धर एक बाजू. आई काय हलकी आहे?"

फोटो निघाला. दोघी शेजारी शेजारी, तसबिरीची एक बाजू हिच्या हातात, एक तिच्या. लगेच पावसाचे टपोरे थेंब पडले आणि सगळे ओरडत पळाले. तो फोटो वेक्रॉसच्या भिंतीवर लागला असेल. त्यात मी आहे, पण माझ्यावर लुडी आहे, आणि व्हर्लीन त्या नवीवर! याचासुद्धा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी स्कूटरी परत देताना व्हर्लीन मुद्दाम माझ्याजवळ आली. "पुलाशी आले तेव्हाच गादी परकी वाटली होती गं, पण घाईत लक्ष दिलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या गादीला माझ्या मापाचा खड्डा आहे." मग रिगोनं रोजच्यासारख्या सगळ्यांच्या खुणा कापून डब्यात टाकल्या. माझी फीत कापायला आला, तेव्हा ती आधीच कुणीतरी सोडवून नेली होती.

पुढच्या जुलैला गोत आलं. शर्ट हिरवे होते. दुकानापाशी लुडी एकटीच आली.

"ती जुनी द्या. चिकटपट्टीवाली."

"मावशी, नवी आहे ना छान," रिगो म्हणाला.

"नवी तू बस."

माझ्या पाठीमागच्या पिशवीत तिनं पंच्यात गुंडाळलेल्या दोन तसबिरी ठेवल्या. दुसरीत व्हर्लीन होती. मी दिवसभर कुठे ठेचकाळले नाही, कुठे थांबले नाही. छपरातल्या नव्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

ओकखाली टेरेल म्हणाला, "आत्या, मध्ये."

लुडीनं मला मध्ये आणलं. आयुष्यभर जिच्यासाठी जळली, ती जागा. एका गुडघ्यावर आई ठेवली, एका गुडघ्यावर बहीण. फोटोवाला "हसा" म्हणाला. ती खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं, बहिणीला म्हणाली, "घे, मिळाली मला मधली जागा. आता मी जळू कुणावर गं?"

जाताना लुडीनं माझ्या दांड्याला हिरव्या फितीशेजारी एक जुनी, चुरगळलेली जांभळी फीत बांधली आणि रिगोला दम दिला, "ही कापलीस तर याद राख." त्यानं कापली नाही. ती अजून आहे.

तुम्हाला कुणावर जळायचं असेल तर खुशाल जळा. पण त्याच्या शेजारी बसून जळा, लांब बाकावर नको. आणि माझ्यासारखी एखादी जुनी स्कूटर वापरलीत, तर उतरताना तिची गादी पुसा, तिला तारेला लावा. उद्या सकाळी कुणाला तरी ओकच्या झाडापर्यंत पोचायचं असतं.