माझ्यावर शिक्का कोण मारणार?

मी शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, रबराचं तोंड. शिक्षण एकाच शब्दाचं, 'तपासले', आणि तोही तोंडावर उलटा कोरलेला. आजवर मी गप्प होतो. आज ऐकून घ्या, कारण माझं डोकं फिरलंय.

शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म गेला. तिथली रीत अशी, की शिडी तयार झाली की तपासनीस मावशी तिच्यावर चढायची. मावशी अंगानं भरभक्कम. प्रत्येक पायरीवर उभी राहून दणादण उड्या मारायची. शिडी कुरकुरली तर सुताराची खरडपट्टी. नाही कुरकुरली, तर मी शाईत तोंड बुडवून खाडकन उमटायचो. माझ्या ठशाशिवाय शिडी फाटकाबाहेर जात नसे. शिडीच कशाला, भिंतीवरची नोटीससुद्धा माझ्या ठशाशिवाय कोणी खरी मानत नसे. जुन्या मालकांचा नियमच होता तसा. सुतार चिडवायचे, की मावशीनं नवराही उड्या मारूनच पास केला असणार. मावशी म्हणायची, छे, तो अजून चाचणीवरच आहे.

मग नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "या शिक्क्यावर शिक्का कुठाय?"

स्वतःच्या गालाची पापी कोणाला घेता येते का?

मावशी म्हणाली, "साहेब, शिक्क्यावर कोण चढतंय? लोक शिडीवर चढतात."

साहेबांना ते पटलं नाही. मला तपासायला त्यांनी दुसरा शिक्का मागवला. त्याला कोणी तपासलं, म्हणून तिसरा. आम्ही तिघं टेबलावर बसलो, परीक्षेत एकमेकांचं बघून लिहिणाऱ्या पोरांसारखे, आणि उत्तर तिघांनाही येत नव्हतं. शेवटी वैतागून साहेबांनी नोटीस काढली: 'या शिक्क्याचा एकही ठसा खरा मानू नये.' आणि ती पक्की करायला, नियमाप्रमाणे, तिच्यावर मारलं कोणाला? मलाच. मीही असा दणकून उमटलो म्हणता, शाई साहेबांच्या बाहीवर उडाली.

साहेबांची धाकटी बहीण कॉलेजात गणित शिकवते. त्यांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला ती आली, नोटीस वाचली आणि पोट धरून हसत सुटली. म्हणाली, "दादा, ठसा खरा तर नोटीस खरी. नोटीस खरी तर ठसा खोटा. ठसा खोटा तर नोटीस रद्द, आणि शिक्का पुन्हा जागेवर. बस आता घाण्याच्या बैलासारखा फिरत."

साहेब तणतणले. असला गोंधळ तुमच्या गणितात चालतो का, म्हणाले. त्यावर तिनं जे सांगितलं, ते ऐकून मी गार झालो. गणिताचे नियम मांडून ठेवा, बेरीज-गुणाकाराचा व्यवहार पेलतील इतपत. ते एकमेकांना खोटं पाडणारे नसतील, तर 'आमच्यात कुठेच भांडण नाही' हे त्यांना स्वतःच्या बळावर सिद्ध करता येत नाही. बाहेरून आणखी नियम आणावेत, तर मग या सगळ्यांचं मिळून तेच रडगाणं. आणि हे खुद्द गणितानंच सिद्ध केलंय म्हणे.

"म्हणजे गणितही बंद करायचं?" साहेबांनी विचारलं.

"नाही रे. आम्ही बेरजा थांबवल्या नाहीत. फक्त गुर्मी कमी केली."

एवढं ऐकून साहेबांनी धडा काय घ्यावा? जे पुरतं सिद्ध होत नाही, ते करायचंच कशाला! मला ड्रॉवरमध्ये कोंडलं, मावशीला घरी बसवलं. शिड्या आता कोणी न चढताच फाटकाबाहेर जातात. वरून वार्निश नुसतं चकचकीत. कुणाचा तरी बाप त्यांच्यावर चढून दिवा बदलत असेल, कुणाची तरी लेक माळ्यावरून गादी काढत असेल, आणि पायाखालच्या लाकडात चीर आहे की नाही, हे बघितलंय कोणी? सोळा आणे खात्री मिळत नाही, म्हणून हातात होती ती बारा आणेही गटारात टाकली. आणि असल्या माणसाला साहेब म्हणायचं!

माझी शाई वाळली, रबराला भेगा पडल्या. तरी मला बाहेर काढा, असं मी म्हणणार नाही. मी खरा की खोटा, याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. नाही लागला तरी कुणाचं हाडबिड मोडत नाही. पण तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलंच, तर मावशीच्या दारावर थाप मारा आणि हाताला धरून तिला कामावर आणा.

ठशाचं नंतर बघू. आधी तिला चढू द्या.