एक इंच वाढलेला पाय

भोपाळच्या सोनागिरी भागातल्या त्या सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या आणि माणसं पाचशे. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पंख्यांची घरघर आणि व्यासपीठावर फिलिपीन्सहून आलेले ब्रदर मार्लन. त्यांनी एका बाईंची जुनी डोकेदुखी दोन मिनिटांत पळवली. एका आजोबांची पाठ सरळ केली. आजोबा जागेवर जाताना पुन्हा वाकले, पण तेव्हा कुणी बघत नव्हतं. "चमत्कार हो गया, भैया," मागून कुणीतरी म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ब्रदरांचं इंग्रजी हिंदीत सांगणारा दुभाषी मी होतो. माझं नाव आशिष. आम्ही मूळचे अचलपूरकडचे, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. सरकारी कचेरी भोपाळला हलली, तिच्याबरोबर पणजोबा आले ते इथलेच झाले. मला धर्मसेवक व्हायचं होतं, म्हणून दीड वर्षापूर्वी मी फिलिपीन्सच्या एका प्रशिक्षण शाळेत गेलो. निघताना आमच्या चर्चच्या मंडळीनं मला स्टेशनवर हार घातले होते.

शाळेत सकाळी प्रार्थना, दुपारी शास्त्राभ्यास आणि दर गुरुवारी 'सेवाकौशल्य'. तो तास ब्रदर मार्लन घेत. तिथे आम्ही एकमेकांना खुर्चीत बसवून आखूड पाय लांब करून दाखवायला शिकलो. मला चाळीसपैकी अडतीस गुण मिळाले. सांगायला लाज वाटते, पण ते गुण मी आईला फोन करून कळवले होते. कशाचे, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"ब्रदर, ही फसवणूक नाही का?" मी एकदा विचारलं.

"लोकांची श्रद्धा लहान मूल असते, आशिष," ते हसत म्हणाले. "तिला आधी बोट धरून चालवावं लागतं."

माझा पासपोर्ट कार्यालयानं पहिल्याच दिवशी 'सांभाळायला' घेतला होता. तिथून निघून जायचं तरी कुठे? घरी परतलो तर हार घालणाऱ्यांना काय सांगू? शिवाय आमच्याकडे आधीच वाकड्या नजरेनं बघणारे कमी नाहीत. त्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या? असं म्हणत मी गप्प राहिलो, आणि गप्प राहायची एकदा सवय लागली की तोंड उघडणं रोज जड होत जातं. शेवटच्या सत्रात प्रत्येकानं आपल्या गावी सभा भरवायची असते. म्हणून मी भोपाळला आलो होतो, आणि विमानातून उतरताच माझा पासपोर्ट पुन्हा ब्रदरांच्या बॅगेत गेला होता.

माझी मावसबहीण नेहा अकरा वर्षांची. खुब्याच्या दुखण्यामुळे तिचा डावा पाय एक इंचानं आखूड. मंगळवारी तिचं ऑपरेशन होतं. ही तारीख चुकली तर सांधा आणखी झिजेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सभेच्या सकाळी तिचे वडील, दिलीपकाका म्हणाले, "आज ब्रदरनी हात ठेवला आणि पाय ठीक झाला, तर पोरीला चिरायचं कशाला? मंगळवारचं कॅन्सलच करून टाकू."

"काका, ऑपरेशन होऊ द्या. प्रार्थना नंतरही करता येईल."

"तू बोलतोस हे? तू तर तिथून शिकून आलास." काकांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी विषय बदलून सभेची वेळ सांगितली. मीनामावशी खाली मान घालून पोळ्या लाटत राहिली.

दुपारी काकांनी नेहाला व्यासपीठावर आणलं. ती अनवाणी होती. इथे सगळेच प्रार्थनेला चपला बाहेर काढून बसतात. ब्रदरांच्या देशात लोक बूट घालूनच चर्चमध्ये येतात, त्यामुळे हा पेच त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि बॅगेतून कापडी बूट काढले. नेहाच्या पायांना ते चांगलेच मोठे होते.

"सांग, हे प्रार्थनेनं पवित्र केलेले बूट आहेत," ते मला म्हणाले. मी सांगितलं.

पहिल्या रांगेत शारदाबाई बसल्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटा, प्रभु के घर में बच्ची को जूते क्यों पहना रहे हो?"

मला उत्तर ठाऊक होतं. बुटांशिवाय हा चमत्कार होतच नाही. मी म्हणालो, "ब्रदर का तरीका है."

ब्रदरांनी खुर्चीत बसवलेल्या नेहाच्या दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या आणि डोळे मिटले. "वाढ, येशूच्या नावानं वाढ," ते गरजले, मग म्हणाले, "सांग त्यांना, पाय वाढतोय." आखूड पायातल्या बुटाचा तळ खरोखरच पुढे सरकत होता. लोक उभे राहिले. काका रडायला लागले. त्यांचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. हॉस्पिटलला फोन लावणार होते ते.

मी माइक तोंडाशी धरला. "पैर नहीं बढ़ रहा," मी म्हणालो. "ब्रदर जूता खींच रहे हैं. इनके हाथ के नीचे देखिए, बच्ची की एड़ी जूते में नहीं है."

ब्रदरांना हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. ते तोंडभर हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "हालेलुया."

शारदाबाई वर आल्या, त्यांनी ब्रदरांचा हात बाजूला केला. टाच आणि बुटाचा तळ यांच्यात दोन बोटं सहज शिरतील एवढी पोकळी होती. मी बूट काढले, नेहाला उभं केलं. पाय होता तेवढाच होता. धडधाकट माणूस असेल तर उलटं करतात, हेही मी सांगून टाकलं: एक बूट आधीच थोडा ओढून ठेवायचा, म्हणजे दुसरा पाय आखूड दिसतो, मग बूट हळूच परत सरकवायचा.

काही लोक माझ्यावरच चिडले. ब्रदर त्याच संध्याकाळी विमानतळावर गेले, माझ्या पासपोर्टासकट. मी तक्रार दिली आहे. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

घरी आल्यावर काका म्हणाले, "एक दिवस तरी पोरीला वाटू द्यायचं होतं रे, की ती बरी झाली."

"मला वाटतच नव्हतं, बाबा," नेहा म्हणाली. "माझी टाच बाहेर होती. मला कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता."

काकांनी तिचा पाय मांडीवर घेतला. मंगळवारी त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर प्रार्थनाही केली. माझी श्रद्धा कुठे गेलेली नाही.

पण एक विनंती आहे. तुमच्यासमोर कधी चमत्कार झाला, तर टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा. ज्याच्या अंगावर तो होतोय, त्याला विचारा, खरंच काही झालं का. आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका.