सिंबल फार वर आहेत

“‘गिटारी ऐकताना चिखलात रुतलेला ट्रक आठवतो,’” मुनीमने फोनवरचं वाक्य वाचलं आणि कौतुक झाल्यासारखी मान हलवली. “चांगलंच म्हटलंय की. आपल्याला चिखलच हवा होता.”

मुनीम दिवसभर एका वाहतूक कंपनीत हिशेब बघायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. आज रविवारी सकाळीच तो न कळवता येऊन सोफ्यावर बसला होता. त्यांच्या रेकॉर्डचं परीक्षण आलं होतं, आणि ते नुसतं पाठवून देण्यासारखं नव्हतं. समोरासमोर बसून एकेक वाक्य चघळायला हवं होतं. शेजारी तिचा नवरा पाय पोटाशी घेऊन बसला होता. ती खाली सतरंजीवर बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या लंगोटांच्या घड्या घालत होती.

बँड तिघांचा. ब्रूटल डेथ मेटल हे त्यांच्या संगीताचं नाव तिने लग्न ठरताना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तिला तो एखादा आजार वाटला होता. नवरा ड्रम वाजवायचा, म्हणून बँडमध्ये त्याला ठोक्या म्हणत. तिसरा, गाणारा, तो घसा. हा घसा एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचा आणि पेशंटची नावं इतक्या हळू पुकारायचा की लोकांना दोनदा विचारावं लागे. संध्याकाळी तोच माणूस माइकसमोर उभा राहून तुंबलेल्या मोरीचा आवाज काढायचा. गाणी सगळी प्रेतं, आतडी आणि कवट्यांवर. ती बहुतेक तिच्या नवऱ्याने लिहिलेली, आणि बाळाला लस टोचताना दवाखान्याच्या बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला होता तोही हाच.

मुनीम वाचत होता. बास गिटार असलीच तर ती शोधूनही सापडत नाही. गाणी संपत नाहीत, बंद पडतात. गायक नाल्यात पडलाय आणि त्याला वर काढायची कोणाची इच्छा दिसत नाही. हे वाक्य घसा फ्रेम करून लावेल यावर दोघांचं एकमत झालं. स्नेअर ड्रम टमरेलासारखा वाजतो, असंही लिहिलं होतं. पण या संगीतात तो दोष नसून मान आहे, हे एव्हाना तिलाही माहीत होतं.

“शेवटचं ऐक, ठोक्या, हे खास तुझ्यासाठी,” मुनीम म्हणाला. “‘सगळ्यात असह्य आहेत ते सिंबल. ते इतके वर आहेत की बाकीची वाद्यं ऐकायची तर त्यांच्या पलीकडे वाकून बघावं लागतं. ज्याने हे मिक्स केलं त्याने आधी स्वतःचे कान तपासून घ्यावेत.’”

मुनीम खो खो हसला. नवराही हसला. मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवणं, त्यानेच केलं होतं, बेडरूममधल्या टेबलावर, स्टुडिओ परवडणार नव्हता म्हणून.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

ड्रमच्या वर टांगलेल्या पितळी थाळ्या म्हणजे सिंबल. ती त्यांना ताटं म्हणायची. सातवा महिना असताना तो रोज टेबलाशी बसून या ताटांचा आवाज वर चढवत होता आणि पलंगावर पडल्या पडल्या तिला वाटायचं, कोणीतरी कानात सुई फिरवतंय. एकदा ती म्हणालीही होती की ताटं फार टोचतात. त्यावर तो म्हणाला होता, “तुला यातलं कळत नाही गं.” हे खरंच होतं, म्हणून तिने तोंड मिटलं. बाळ झाल्यावर रेकॉर्ड घरात पुन्हा लागली, तेव्हा प्रत्येक ताटासरशी बाळाचे डोळे घट्ट मिटत आणि मुठी वळत. नवरा मात्र मान डोलावत बसलेला.

“तुम्हाला नाही का जाणवलं आधी?” तिने मुनीमला विचारलं.

मुनीम जरा ओशाळला. त्याने सांगितलं की मिक्स आलं तेव्हा तो फक्त गिटारी ऐकत होता, त्या कमी पडतायत म्हणून त्याने वाढवायला लावल्या. मग घशाने फक्त स्वतःचा घसा ऐकला आणि तोही वाढवायला लावला. “सिंबलचं म्हणशील तर वहिनी, मला वाटलं ठोक्याने मुद्दाम केलंय. स्टाइल असेल काहीतरी. फुकटात रात्रंदिवस खपणाऱ्या माणसाला काय बोलणार?”

मुनीम गेला. जाताना बाळाच्या तळपायाला गुदगुल्या करून गेला.

ती विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर काम करायची. वर्षानुवर्षं लोकांचे अपघात वाचून तिच्या डोक्याला सवयच लागली होती: घरातली कुठलीही वस्तू बघितली की तिचा दावा कसा लिहिला जाईल ते आधी दिसायचं. बादली, उशी, टेबलाचा कोपरा, पडद्याची दोरी. उद्या तिची रजा संपत होती. नवरा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता आणि त्याने दुपारची पाळी मागून घेतली होती. म्हणजे सकाळभर बाळ त्याच्याजवळ, आणि दुपारी सासूबाई येईपर्यंत दुसरं कोणी नाही. महिनाभर ती स्वतःला समजावत होती की काही होत नाही, बाप आहे तो, परका नाही.

पण एक राग होता. तो तिने कोणाला सांगितला नव्हता. बाळ जागं झालं की आधी बारीक कुरकुरायचं, मांजराच्या पिल्लासारखं, मग हुंदके, मग भोकाड. भोकाड पसरलं की नवरा ताडकन उठायचा. पण त्याच्या आधीच्या कुरकुरीला तो पाळण्याशेजारी बसलेला असला तरी मान वळवत नसे. सोंग करतो, असं तिने ठरवून टाकलं होतं. पुरुषांना बरं जमतं. त्या रागावर तिने कितीतरी दुपारी काढल्या होत्या; घरात बोलायला दुसरं कोणी नसताना तो राग निदान सोबतीला असायचा.

आता लंगोटांच्या ढिगासमोर बसून तिला तो राग सापडेना.

नवरा पाठ करून पाळण्याचा ढिला झालेला स्क्रू आवळत होता. तिने ताप बघायचा थर्मामीटर आणला. त्याचीही एक कटकट होऊन गेली होती. हा वाजत नाही, सेल गेला असेल, असं नवरा म्हणाला आणि दुकानातून नवा घेऊन आला. मग नवाही वाजत नाही म्हणाला. कंपन्या फसवतात यावर तो बराच वेळ बोलला होता. तिला तर दोन्ही ऐकू येत होते. पण ती तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि मनात म्हणाली होती, लक्षच नसतं याचं.

तिने बाळाच्या काखेत थर्मामीटर धरला. थोड्या वेळाने तो टीं टीं टीं वाजू लागला. बाळाने डोळे वळवून आवाज शोधला.

“वाजला का रे?” तिने विचारलं.

“कुठे?” नवरा न वळता म्हणाला. “अजून वेळ असेल.”

ती उठली. थर्मामीटर पुन्हा लावला, आणि वाजायला लागल्यावर तो त्याच्या मानेमागे नेला, मग कानाजवळ, इतका की त्याच्या केसांना लागेल. तो स्क्रू आवळत राहिला. दुसऱ्या कानाजवळ नेला. त्याने मान खाजवली आणि तिचा हात त्याच्या हाताला लागला.

“काय करतेयस?”

“हा आत्ता वाजतोय.”

“काय?”

“हा. तुझ्या कानाशी वाजतोय. बाळाला ऐकू आला.”

त्याने थर्मामीटर हातात घेतला, काचेतले आकडे लुकलुकताना बघितले, मग स्वतःच कानाला लावून ऐकू लागला. दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात आकडे लुकलुकायचे थांबले.

“कारखान्यातून आलं की थोडा वेळ असतं तसं,” तो म्हणाला. “मग जातं.”

“आज रविवार आहे.”

त्याने स्क्रूड्रायव्हर पाळण्यात ठेवला, मग बाळाच्या जागेवर ठेवला हे लक्षात येऊन उचलून खिशात घातला, आणि वाळलेले कपडे काढून आणतो म्हणून गच्चीवर गेला.

तो बराच वेळ आला नाही. ती बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती. तिने फोन हातात घेतला; साहेबांना विचारलं तर रजा अजून थोडी वाढवून मिळाली असती, बिनपगारी. पण मग त्याला काय वाटेल? त्याच्या हातात पोर द्यायला ती भिते, हे त्याला कळेल. आणि नाही वाढवली तर? तिला बंद दाराआडचा पाळणा दिसला, त्यातून येणारी बारीक कुरकुर, आणि शेजारी बसलेला, काही वाईट न करणारा माणूस. तिने फोन ठेवला. पुन्हा उचलला.

तो कपड्यांचा ढीग घेऊन आला आणि पलंगावर टाकून त्याच्याच शेजारी बसला.

“किती दिवस झाले असतील?” त्याने विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिने फक्त कुरकुरीचं सांगितलं, मग हुंदक्यांचं. आणि आता सांगतच होती तर तेही सांगितलं, की तिला तो सोंग करतोय असं वाटायचं.

त्याने बाळाचं एक झबलं उचललं, सरळ केलं, गुडघ्यावर पसरलं.

“मी कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरतो,” तो म्हणाला, “आमचं पोरगं रडतच नाही. रडलंच तर एकदम रडतं, मधलं काही नाही. माझ्यावर गेलंय म्हणून.”

ती त्याच्या शेजारी बसली. डॉक्टरला दाखवू, असं ती म्हणाली, आणि तो लगेच हो म्हणाला. तो इतक्या लगेच हो म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असतो, हे तिला ठाऊक होतं.

“उद्या तू जा,” मग तो म्हणाला. “रजा वाढवू नकोस.”

“कशी जाऊ?”

“त्याला मी अंगाला बांधून ठेवीन. कुरकुरला की छातीला कळेल. ड्रमही मी निम्मे अंगानेच ऐकतो.”

तिने जुनी चादर दुमडून बाळाला त्याच्या छातीशी बांधून दिलं. गाठ खांद्यावर आली, एकदा सैल झाली, पुन्हा बांधली. तो खोलीतून दोन फेऱ्या मारून आला. बाळाला ते आवडलं नाही. थोड्या वेळाने त्याने तोंड वाकडं करून कुरकुर सुरू केली. नवरा थांबला. त्याने खाली बघितलं नाही. समोर भिंतीकडे बघत श्वास धरून उभा राहिला आणि मग त्याचा तळहात आपोआप बाळाच्या पाठीवर गेला.

“आता,” तो म्हणाला. “आत्ता करतोय ना?”

“करतोय.”

दुपारी त्याने बेडरूममधला कॉम्प्युटर सुरू केला. मुनीम म्हणाला होता की आहे ते राहू दे, आता लोकांनी ऐकलंय. पण प्रत्येक वाद्याचं वेगवेगळं रेकॉर्डिंग त्याच्याजवळ होतं, आणि रेकॉर्ड इंटरनेटवरच होती. तिथली काढून दुसरी चढवता येत होती. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. बाळ छातीवर झोपून गेलं होतं, म्हणून तो जरा मागे रेलून बसला आणि हात लांब करून माउस धरला.

“तू सांग कुठे टोचतं. मी खाली आणतो.”

“मला यातलं कळत नाही.”

“टोचलेलं तर कळतं ना?”

त्याने हळू आवाजात पहिलं गाणं लावलं. पडद्यावर प्रत्येक वाद्याची एक पट्टी होती आणि शेजारी वर-खाली सरकणारं एक बटण. त्याने सिंबलचं बटण जरा खाली ओढलं आणि तिच्याकडे बघितलं.

“अजून,” ती म्हणाली.

त्याने ओढलं.

“अजून.”

“एवढं?”

“अजून थोडं.”

एका जागी त्याचा हात थबकला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, आणि तिने ओळखलं की इथे त्याच्यासाठी ती ताटं संपली. तिला तर अजून टोचत होती. इथेच थांब, असं म्हणावं असं तिला फार वाटलं. परक्या माणसांच्या कानांना टोचेना का. पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि खोटं बोललं तर त्याला दुसऱ्या कोणाला विचारता येणार नव्हतं.

“अजून,” ती म्हणाली.

तो बटण खाली खाली नेत राहिला, स्वतःला काहीच न ऐकू येणाऱ्या भागात, जिना उतरताना अंधारात पाय चाचपत टाकावा तसा. आणि मग सुई निघाली. गाण्याखालून इतर गोष्टी वर आल्या. घसा गुरगुरायच्या आधी श्वास घेतो, तो श्वास. मुनीमची बोटं तारेवरून घसरतात, ते घसरणं. गाणं सुंदर वगैरे झालं नव्हतं. चिखल होताच, आणि शेवट बंद पडल्यासारखाच होता. पण तीन माणसं एका खोलीत होती, हे तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

“बरोबर आहे आता,” ती म्हणाली.

त्याने गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आता तो सिंबलच्या पट्टीकडे बघत होता. त्याने जिथे जिथे मारलं होतं तिथे एक बारीक टोक उठायचं आणि हळूहळू उतरत रेषेला मिळायचं.

“हा कसा वाजतोय?” एका टोकावर बोट ठेवून त्याने विचारलं.

“चांगला.”

“चांगला म्हणजे?”

तिला शब्द सापडेना. “मारतोस तेव्हा कमी वाटतो. पण मग राहतो. लांबत जातो.”

“किती?”

त्याने गाणं तेवढंच मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. ती त्याच्याकडे वळून बसली. ताट वाजलं तसं तिने ओठ किंचित उघडले आणि दातांमधून हवा सोडली, आधी जोरात, मग बारीक, मग आणखी बारीक; आणि तो बाळाच्या पाठीवर हात ठेवून तिच्या ओठांकडे बघत राहिला, ते मिटेपर्यंत.