टिल्लीच्या हाताएवढी उंची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. अंगावर पाच खुंट्या, पाठीला दोन स्क्रू आणि स्वभाव थोडा कडक. दप्तर अडकवा, टोपी अडकवा, माझी कधी कुरकूर नसते. आज मात्र मन भरून आलं आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म एका उरलेल्या फळीतून झाला. या घरात तेव्हा रोज सकाळी नुसता गोंधळ असायचा. एक बूट सापडला की दुसरा गायब, दप्तर पलंगाखाली, टोपी स्वयंपाकघरात. आईच्या तोंडाचा पट्टा सुरू, बाबा दारात घड्याळ बघत उभे, आणि दादा व त्याची धाकटी बहीण टिल्ली रडकुंडीला आलेले. शेवटी आईने सुतारमामांना बोलावलं. त्यांनी रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि टिल्लीला भिंतीपाशी उभं केलं. "हात वर कर बघू बाळा. ताणायचा नाही हं, अगदी सहज." तिची बोटं पोचली तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि त्याच खुणेवर मला बसवलं.

"अहो, एवढ्या खाली? आपल्याला वाकावं लागेल," बाबा म्हणाले.

"वाकू की," आई म्हणाली. "रोज सकाळी ओरडण्यापेक्षा वाकलेलं परवडलं." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे, मित्रांनो. तेव्हा ते मला खरं वाटलं होतं.

मग घराला शिस्त लागली. शाळेतून आल्यावर टिल्ली आधी दप्तर अडकवायची, मग टोपी, मग पाण्याची बाटली. बूट माझ्याखाली, भिंतीला टाचा लावून. सगळं जागेवर गेलं की ती दोन्ही हात झटकून ओरडायची, "झालं!" कुणी सांगायला नको, कुणी बघायला नको. दादा घाईत एकाच खुंटीवर सगळं लादायचा, तेव्हा तीच त्याला दटावायची. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "ही पट्टी म्हणजे माझा उजवा हात आहे." मी फुलून जायचे. कौतुक कुणाला आवडत नाही?

पुढे आई घर नीट लावण्याचे व्हिडिओ करू लागली. लोक ते आवडीने बघू लागले. एक दिवस मावशी फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि नाक मुरडून म्हणाली, "ताई, ही पट्टी फारच खाली आहे गं. तू बोलतेस तेव्हा दिसतच नाही."

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती त्या पेन्सिलीच्या खुणेची गोष्ट सांगेल. ती बाबांना म्हणाली, "जरा वर घ्या ना हिला."

बाबांनी मला उचकटलं आणि मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर बसवलं. खालची दोन भोकं बुजवून वर रंग दिला. टिल्ली दप्तर घेऊन बघत उभी होती. "बाबा, मी कुठे अडकवू?"

"मोठी झालीस की पोचशील," बाबा हसत म्हणाले.

माझ्यावर एक नवीकोरी टोपी आली, जी कुणीच घालत नाही. एक रिकामं सुंदर दप्तर आलं. टिल्लीला स्टुलावर उभं करून तिचा हात माझ्या खुंटीवर ठेवला, स्टूल दिसणार नाही असा फोन धरला आणि आई गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे मुलं आपलं आपण आवरतात." चित्रीकरण संपलं. पायात येतं म्हणून स्टूलही आत गेलं. मला इतकी चीड आली, की खुंट्या गळून पडल्या तर बरं, असं वाटलं.

आता दप्तर दारातच पडतं. आई त्याला अडखळते आणि तिचा आवाज चढतो. "किती वेळा सांगायचं, टिल्ली? पट्टी आहे ना समोर? मग जागच्या जागी ठेवायला काय होतं?"

मला साक्षीला धरते ती! जिच्या हातासाठी मी घडले, तिच्याचविरुद्ध. आणि माझं बोलणं या घरात कुणाला ऐकू येत नाही.

काल टिल्ली शाळेतून आली. घरात कुणाचं लक्ष नव्हतं. बुजवलेल्या भोकांपाशी तिने दप्तराचा पट्टा भिंतीला टेकवला आणि हात सोडला. दप्तर धपकन खाली आलं. तिने पुन्हा टेकवला, पुन्हा पडलं. मग मान वर करून ती मला म्हणाली, "तू पण त्यांच्यातलीच." हात न झटकता ती आत निघून गेली. "झालं" म्हणाली नाही.

मित्रांनो, मला रोज पुसतात, चकचकीत ठेवतात, पण मला ती निगा नको आहे. माझं एवढंच मागणं आहे. घरात मुलांसाठी काही लावायचं असेल, तर आधी घरातल्या सर्वांत लहान माणसाला भिंतीपाशी बोलवा. हात वर करायला सांगा. ताणायचा नाही, अगदी सहज. आणि एकदा खूण केलीत, की ती पुसू नका.