साडी त्याची, मत तुझं

तिसऱ्या बाईनंही पिशवीतून तोच मोरपंखी ब्लाउजपीस काढला, तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. मी पडवीत शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि आत दाराशीच माझ्या बायकोचं, शमाचं, शिलाई मशीन असतं. त्यामुळे घरी कोण आलं आणि काय घेऊन आलं, हे मला मान वर न करताही कळतं. पहिली म्हणाली होती, भावानं साडी घेतली. दुसरीच्याही भावानंच घेतली होती. गावातल्या सगळ्या भावांना एकाच आठवड्यात एकाच रंगाची माया यावी, हे काही मला पटेना.

बाई गेल्यावर मी म्हणालो, "शमा, हे सुदर्शनचं कापड हाय."

"ठाव हाय मला," ती टेप गळ्यात अडकवत म्हणाली. "कापड कुणाचंबी असू द्या, पाठ तर तिचीच हाय ना."

सुदर्शन म्हणजे आमच्या गावचे पोल्ट्रीवाले. आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा बायकांसाठी निघाली म्हणून त्यांनी बायकोला उभं केलं होतं. बॅनरवर त्यांचा फोटो माणसाएवढा आणि तिचा आधार कार्डावरच्याएवढा. तिचं नाव वैजयंता आहे, हे अर्ध्या गावाला त्या बॅनरमुळे कळलं. आणि तिच्या विरोधात उभी होती आमची शमा. म्हणजे जी साडी वाटून शमाला पाडायचं, त्याच साडीवरचे ब्लाउज शिवायला तिच्याकडेच येत होते. येतील नाही तर काय करतील? निरगुडसर ओलांडून बरंच आत आमचं गाव, आणि गावात शिवणारी ती एकटीच.

उभं राहायची हौस तिला नव्हती, बायकांनी तिला उभं केलं. आमच्या वस्तीपासून एसटीच्या फाट्यापर्यंत जी वाट जाते, तिच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. मंचरला शिकणाऱ्या पोरी संध्याकाळच्या गाडीनं उतरतात. हिवाळ्यात तोवर पार अंधारून येतं. म्हणून रोज त्या वेळेला वस्तीवरच्या बायका आमच्या ओट्यावर जमायच्या आणि बॅटऱ्या, काठ्या घेऊन घोळक्यानं पोरींना आणायला जायच्या. आमची लेक रूहीही त्याच गाडीला असते. वाटेवर चार दिवे लावा, म्हणून पंचायतीत सांगून सांगून बायका थकल्या. "बघू" यापलीकडे कुणी काही बोललं नाही. मग एका संध्याकाळी वस्तीवरची म्हातारी सारजाबाईच म्हणाली, शमे, तूच उभी राहा. सगळ्यांनी उचलून धरलं.

माझा विरोध होता. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, भांडण मात्र मराठीत करतो, ते आम्हाला मराठीतच नीट जमतं. त्या रात्री मी तिला मराठीत सांगितलं, "हरलीस तर खुर्चीचं काय न्हाई, ती आपली न्हवतीच. पण बायका तुटतील. तेवढं सोसंल का तुला?"

ती हसली. तिला तो प्रश्नच वेडगळ वाटला. शमा जुन्नरची. लग्न होऊन इथं आली तेव्हा तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. मशीन आलं, मग एकेक बाई उंबऱ्याशी येऊ लागली, मग उंबऱ्याच्या आत, मग चहाला. रूही झाली तेव्हा सव्वा महिना सारजाबाईनं तिला पायांवर घेऊन अंघोळ घातली. जुन्नरचं माहेर आईवडलांबरोबर संपलं होतं, हे दुसरं तिनं टाक्याटाक्यानं जोडलं होतं. ते एका मतपेटीत घालून बघावं, हे मला मान्य नव्हतं. पण बायकोपुढे माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

साड्यांच्या मागोमाग बस आली. सुदर्शन वॉर्डातल्या बायकांना जेजुरीला नेणार होते. येणं-जाणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. बायका चोरून गेल्या असत्या तर मला कमी राग आला असता. त्या चक्क शमाला विचारायला आल्या. जाऊ का गं? शमा म्हणाली, जा की, माझ्याबी नावानं हात जोडा. त्यावर एक जण म्हणाली, "भाभी, तू घोर लावून घेऊ नको. साडी त्याची, मत तुझं." सगळ्या खळखळून हसल्या. शमाही हसली आणि बस निघायच्या आत सगळ्यांचे ब्लाउज व्हावेत म्हणून जेवणसुद्धा मशीनवरच उरकू लागली.

मी म्हणालो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस, तोही फॉल-पिको करून. निदान आपणही काहीतरी करू, एखाद्या हॉटेलात जेवण तरी घालू. तिनं मशीन थांबवलं.

"मत मागायचं असतंय," ती म्हणाली. "बांधून न्हाई घ्यायचं."

मी मोटारीचं वायंडिंग करत बसलो.

जेजुरीहून बस परत आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. जाताना गाणी म्हणत गेलेल्या बायका खाली मान घालून उतरल्या आणि ज्या त्या आपल्या घराकडे गेल्या. आमच्याकडे कुणी वळलं नाही. शमा म्हणाली, पायऱ्या चढून दमल्या असतील. मलाही तसंच वाटलं, कारण मला तसं वाटायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे मोरपंखी रांग लागली होती. खोटं कशाला सांगू, इतक्या रागातही मला शमाचा अभिमान वाटला. एकाही बाईच्या काखेत चुणी नव्हती की गळा कुठे ओढला जात नव्हता. शमा नियमाप्रमाणे लांब, झाडाखाली उभी होती. आपल्या हातच्या ब्लाउजांकडे बघून ती एकेकीला हसत होती. सारजाबाई रांगेत पुढे सरकताना दुसरीकडेच बघत राहिली.

मोजणी घोडेगावला झाली. आमच्या भावकीची मतं सोडली, तर शमाला मत देणाऱ्या उरलेल्या सगळ्यांना एका रिक्षात बसवून घरी आणता आलं असतं. शमानं आकडा दोनदा विचारला. मग म्हणाली, चला, रूहीची गाडी यायची येळ झाली. परत येताना ती वाटभर बाहेर बघत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

मिरवणूक आमच्या दारावरून गेली, गुलाल ओट्यावर पडला, मी बादलीभर पाण्यानं तो धुऊन काढला. त्याचं एवढं काही नाही, निवडणुकीत कुणीतरी हरतंच. खरी शिक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. संध्याकाळी ओट्यावर कुणी आलंच नाही. शमा बॅटरी घेऊन बसून राहिली. मग आम्हाला दिसलं, बायका मागच्या बांधावरून, आमचं घर चुकवून फाट्याकडे चालल्या होत्या. शमा उठली आणि एकटीच वाटेला लागली. मी पाना टाकून तिच्या मागे गेलो. पुढे त्यांच्या बॅटऱ्या, मागे आमची एक, मधे काळोख. फाट्यावर सगळ्यांनी आपापल्या पोरींचे हात धरले आणि तेवढंच अंतर ठेवून परत निघाले.

मशीनही थांबलं. कपडे शिवायला बायका मंचरला जाऊ लागल्या. कुणाच्या घरी लग्न निघालं, तर त्याची बातमी आम्हाला शेवटी लागायची. शमा रोज मशीन पुसायची, तेल द्यायची, झाकून ठेवायची. एकदा ते न झाकता ती नुसतीच त्याच्यापुढे बसलेली दिसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "तुमी म्हणाला व्हता ना, बायका तुटतील. मला खरंच वाटलं न्हवतं हो." तिनं मला सगळ्या गावासमोर खोटं पाडलं असतं, तर मला किती बरं वाटलं असतं.

मी मात्र दिसेल त्याच्याशी भांडत होतो. मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो. वाटेवर दिवे लागले नव्हतेच. पहिला खांब पोल्ट्रीच्या फाटकापाशी उभा राहिला होता, कोंबड्यांना अंधाराची भीती वाटत असावी. एका साडीवर विकल्या जाणाऱ्या माणसांना मताचा हक्क दिलाच कशाला, असं मी घरातही म्हणालो. शमा म्हणाली, मग सुरुवात तुमच्यापास्नं करू, तुमी फुकटच्या चहावर दिवसभर गप्पा मारता. तेवढ्यापुरती ती पूर्वीसारखी बोलली. या बायकांना आता दारात उभं करायचं नाही, असं मी तिला बजावून ठेवलं.

आणि दुसऱ्याच दुपारी सारजाबाई आली. पदराखाली काहीतरी घेऊन ती ओट्याखालीच उभी राहिली. वर ये म्हणायला माझी जीभ उचलेना. शमानं आतून बघितलं, बाहेर आली, तिचा हात धरून तिला वर घेतलं.

म्हातारी खाली बसली आणि म्हणाली, "पोरी, मला शिव्या दे. तुला दिलं न्हाई म्या मत."

"कळलंय, आजी," शमा म्हणाली.

"कळलंय, पर का ते न्हाई कळलं." आणि मग तिनं सांगितलं. दर्शन झाल्यावर वर देवळाच्या आवारात सगळ्यांना ओळीनं बसवलं. सुदर्शनची माणसं पुढे आली आणि एकेकीच्या तळहातावर बेल आणि भंडारा ठेवत गेली. म्हणा, आमचं मत वैजयंताताईला. हात मागे घ्यायला जागा नव्हती, समोर देव होता. "समद्यांनी उचलला बाई भंडारा. येताना गाडीत कुणाच्या तोंडातनं शबूद निघंना. आमी तुझ्याच नावानं रडत आलो."

मला राहवलं नाही. "आजी, मताच्या मशीनपुढं तू एकली. त्या पुठ्ठ्याच्या आड कोण बघत व्हतं तुला?"

ती माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिली. एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मल्हारी बघत व्हता की."

"मग साडी घेताना न्हवता बघत?"

"साडी पचती बाबा," सारजाबाई म्हणाली. "भंडारा पचत न्हाई."

मग म्हातारीनं शमाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "तुमच्यात गं? कसम घातली, तर मोडत्यात का तुमच्यात?"

शमा हो म्हणाली असती, तर तिला या सगळ्यांवर आयुष्यभर रागावता आलं असतं.

"न्हाई मोडत, आजी," ती म्हणाली आणि म्हातारीचे डोळे आपल्या ओढणीनं पुसले.

मी उठून बाहेर गेलो. इतकी वर्षं मी मानत आलो होतो की गावाची वाट लागली ती माणसांच्या खोटेपणानं. या बायका थोड्या खोट्या असत्या, देवाला थोडं फसवून आल्या असत्या, तर माझी बायको जिंकली असती आणि वाटेवर आज दिवे असते. ती त्यांच्या खरेपणापुढे हरली. मग राग काढायचा कुणावर? सुदर्शनवर काढायचा, हे उघडच होतं, पण सुदर्शनला शमानं कधी आपलं मानलं नव्हतं. मला नुसतंच वाईट वाटत राहिलं, शमासाठी आणि रडत परत आलेल्या त्या बसभर बायकांसाठीही.

सारजाबाईनं पदराखालून एक जुना ब्लाउज काढला. दंडात घट्ट होतोय म्हणाली, जरा सैल कर. तिच्या दंडावर आता मांस उरलेलं नाही, त्या बाहीत तिचे दोन दंड मावले असते. शमानं टेप घेतला, नीट माप धरलं आणि म्हणाली, व्हय, झालाय खरा, ठेवून जा.

म्हातारीनं घरोघरी काय सांगितलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखाली दोघी-तिघी उभ्या होत्या, हातात पिशव्या, नजर आपल्याच पायांच्या अंगठ्यांवर. मी दारात होतो. माझा हुकूम माझ्याच लक्षात होता. मी म्हणालो, "आत हाय ती. जावा."

मग दिवसभर त्या येत राहिल्या. एकीचा खांद्यात उतरत होता, एकीला गळा मोठा वाटत होता, एकीचा पाठीत ओढत होता. जुने, कित्येकदा घातलेले, अंगाला बसून गेलेले ब्लाउज. निवडणुकीचं नाव कुणी काढलं नाही. शमा प्रत्येकीचं माप घेत होती, आणि माप घेताना बायका उगाच जास्त वेळ तिच्याजवळ उभ्या राहत होत्या. शेवटची बाई ब्लाउज देऊनही गेली नाही, भिंतीशी टेकून बसली. शमानं चहा ठेवला.

जेवणं झाल्यावर तिनं सारजाबाईचा ब्लाउज पुढ्यात घेतला. ब्लेडनं दंडाची शिवण उसवली, कापड हातानं सारखं केलं आणि पुन्हा मशीनखाली धरलं. मी शेजारी बसून बघत होतो. मला शिवणातलं कळत नाही, पण जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती आणि सुई त्याच भोकांवरून चालली होती.

"अगं, हे तर व्हतं तसंच झालं," मी म्हणालो.

"व्हय," तिनं दातानं दोरा तोडला. "आता तिला बरूबर बसंल."

आणि तिनं त्याची घडी घालून दुसरा हातात घेतला.