फुसाएबाईंची जीभ

“सॉस कशाला लावतोस, इवाओ? त्यात बूट बुडवलास तरी चविष्टच लागेल.”

फुसाएबाईंनी हे इतक्या सहज म्हटलं, की शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्धी इवाओचा घास जेवणाच्या काड्यांमध्येच अडकून राहिला. जपानमधल्या ताजिमाच्या डोंगरातल्या गुरांच्या पैदास-मंडळात सहा परीक्षक चाखायला बसले होते. बाईंच्या मते सहाही जण नुसते डोळ्यांनी जेवणारे. मांसात चरबीची पांढरी जाळी दिसली, की यांची लाळ गळायला लागते. ती चरबी जिभेवर विरघळते की मेणासारखी टाळूला चिकटते, याची पडलीय कुणाला?

समोर दोन थाळ्या होत्या. एकीत इवाओच्या धिप्पाड वळूच्या वंशाचं मांस, दुसरीत बाईंच्या जुन्या, बुटक्या वंशाचं. कुठली कुणाची, ते फक्त अध्यक्ष निशिगाकींना ठाऊक. बाईंची थाळी जिंकली तर त्यांचा सात महिन्यांचा गोऱ्हा हारुतानी पैदाशीचा वळू म्हणून राहणार होता. हरली तर तो खच्ची होऊन मांसासाठी पोसला जाणार. त्या वंशात दुसरा नर उरलाच नव्हता.

मतं पडली तीन इकडे, तीन तिकडे.

“आता हो काय करायचं?” निशिगाकींनी डोकं खाजवलं. “फुसाएबाई, जन्मभर चव चव करत आलात. तुम्हीच चाखा. स्वतःची थाळी ओळखलीत, तर वासरू राहील.”

“मी घरचं जनावर खात नाही.”

“मग चवीचं कळलं कुठून?” इवाओनं विचारलं.

बाईंच्या खोऱ्यात कुणीच घरचं जनावर खात नसे. गायीच्या सात पिढ्या तोंडपाठ असायच्या, पण ज्या वासराला जन्मताच पेंढ्यानं चोळून उभं केलं, ते ताटात कसं घ्यायचं? चव वाखाणायचे ते शहरातले खाटीक, आणि बाईंनी तेच प्रमाण मानलेलं. पण हे या लोकांना सांगण्यापेक्षा काड्या उचललेल्या बऱ्या.

पहिल्या थाळीतला तुकडा त्यांनी चावला आणि नाक मुरडलं. दुसरीतला तोंडात घातला. चरबी सायीसारखी पसरली. बाईंनी डोळे मिटले.

“ही माझी. आंधळ्यालाही कळेल. ती पहिली चपला शिवायच्या कामाची.”

निशिगाकींनी थाळीखालची चिठ्ठी काढली. वाचून त्यांनी ती पुन्हा दुमडली.

“दुसरी इवाओची आहे, बाई.”

इवाओ हसू शकला असता. तो खाली मान घालून चहाच्या पेल्यात बघत बसला, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं.

“हवं तर पुन्हा एकदा चाखा,” निशिगाकी म्हणाले.

“कशाला? तोंडात जीभ एकच आहे माझ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हारुतानीला खच्ची करायला गुरांची डॉक्टर चिहारु आली. तरुण पोर होती, तिला बाईंकडे बघवेना.

“आजी, तुम्ही घरात बसा ना. धरायला माणूस आणलाय मी.”

“हा माणूस? दोरी अशी धरलीय, जसं काही धुणं वाळत घालायचंय.” बाईंनी त्याच्या हातातून दोरी काढून घेतली. “बाजूला हो. आणि तू गं, उगाच वेळ काढू नकोस. शिकलीयस ना?”

“शिकलेय, आजी.”

“मग कर.”

हारुतानीनं ओलं नाक त्यांच्या बाहीत खुपसलं. बाईंनी ते तिथंच राहू दिलं. तळहातानं त्याचे डोळे झाकले, स्वतःचे मात्र उघडेच ठेवले.