खिरोळीने संघ सोडला

संघाच्या वार्षिक सभेत खिरोळीचे उपसरपंच शेषराव ढगे यांना दुसऱ्या रांगेत बसवलं, तिथून सगळं सुरू झालं. पुढे लोकांनी कारणं पुष्कळ सांगितली. कुणी स्वाभिमान म्हणालं, कुणी संत्र्याचा भाव, कुणी गावाची अस्मिता. पण खरं कारण दुसरी रांग.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या अकरा गावांनी मिळून बारा वर्षांपूर्वी हा बाजार संघ काढला होता. त्याआधी व्यापारी बागेत यायचा आणि खिरोळीत सांगायचा, बोरदरीवाल्यांनी स्वस्तात दिला. बोरदरीत सांगायचा, खिरोळीवाल्यांनी त्याहून स्वस्तात दिला. दोन्ही गावं एकमेकांना शिव्या देत माल देऊन टाकायची. संघ झाल्यावर वरवट बकालच्या रस्त्यावर एक मोठं शेड उभं राहिलं, एक वजनकाटा आला, नागपूरचे आणि दिल्लीचे ट्रक तिथेच येऊ लागले. बदल्यात अट एकच होती. संत्री आकाराप्रमाणे निवडायची आणि एका मापाच्या क्रेटमध्ये भरायची.

शेषरावांनी ही अटच धरली. सभेहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या पारावर ते उभे राहिले.

"आपल्या संत्र्यानं केवढं व्हाव, हे ते लोकं ठरोतेत! उद्या म्हनतीन, खिरोळीच्या मानसानं केवढं व्हाव!"

लोक हसले. पन्नाशी उलटलेल्या शेषरावांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपण बोललो की लोक हसतात. आणि हे एकदा कळलेला माणूस थांबत नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, संघ आता मिरचीची लांबी ठरवणार. तिसऱ्या दिवशी म्हणाले, खिरोळीच्या पैशावर बोरदरीचा रस्ता झाला, आणि बोरदरीचे लोक तर ऐदी. हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणायचे, "लोकं म्हनून राह्यले." लोक म्हणतच होते. शेषरावांनी आदल्या दिवशी सांगितलेलं म्हणत होते.

गावात राग खराही होता. जळगाव जामोदची दुपारची बस बंद झाली होती. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. शाळेत चार वर्गांना दोन मास्तर. यातलं काहीच संघाच्या हातात नव्हतं. पण एसटीवर रागवायला कुठे जाणार, आणि पाणीपुरवठ्याचा साहेब कोण ते कोणाला ठाऊक? संघ जवळ होता आणि त्याच्या दारावर पाटी होती.

सरपंच प्रेमानंद हा गोड माणूस. कोणाशी वाकडं नको म्हणून तो सगळ्यांना हो म्हणायचा. शेषरावांची भाषणं वाढली तेव्हा त्याला एक युक्ती सुचली.

"एकदाचं मतच घेऊन टाकू ना," तो ग्रामसेविका सुचिताला म्हणाला. "पडतीन ते. पडले का तोंड बंद होते."

"आणि जिंकले तर?" सुचिताने विचारलं. ती लोणारकडची, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली.

"म्याडम, जिततीन कसे? लोकं काय पागल हायेत?"

मतदान शाळेच्या पटांगणात झालं. सोडा म्हणणारे दोनशे चौदा, राहा म्हणणारे दोनशे नऊ. आकडा वाचला गेला तेव्हा शेषराव क्षणभर हललेच नाहीत. त्यांच्या खिशात भाषण होतं, 'हरलो पण झुकलो नाही' या नावाचं, रात्रभर जागून लिहिलेलं. जिंकल्याचं भाषण त्यांनी लिहिलंच नव्हतं. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं, डफडी वाजली, गुलालानं चष्मा लाल झाला आणि खांद्यावर बसल्या बसल्या शेषराव जमिनीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंदाने राजीनामा दिला. कारण तब्येतीचं. दुपारच्या आत तो लेकीकडे नाशिकला गेलासुद्धा. शेषराव उपसरपंच होते, त्यामुळे गाव त्यांच्याच गळ्यात पडलं.

त्यांची बायको आशाबाई बोरदरीची. तिचा बचत गट तिखट आणि हळद दळून पाकिटं भरायचा आणि ती पाकिटं संघाच्या गाडीने शहरात जायची. मत कोणाला दिलं हे शेषरावांनी तिला विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. ताट वाढताना ती एवढंच म्हणाली, "आता माह्या तिखटाची गाडी कोठून जाईन?"

"जाईन ना. त्याईले आपली गरज हाय."

"माह्या तिखटाची?"

"आपल्या गावाची."

"बरं," असं म्हणून तिने भाकरी उलटली.

पंचायतीत समिती बसली. सुचिताने वही उघडली आणि विचारलं, "संघ सोडायचा म्हणजे नेमकं काय काय सोडायचं?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. मग सगळे एकदम बोलायला लागले. एकाचं म्हणणं, सगळंच सोडायचं. दुसऱ्याचं म्हणणं, संघ सोडायचा पण शेड नाही सोडायचं. तिसरा म्हणाला, वजनकाटा तर आपल्या हक्काचा. चौथ्याला बाकीच्या दहा गावांच्या बाजारात दुकान लावायचा हक्क हवा होता, फक्त आपल्या बाजारात त्यांनी लावू नये. दोन तास झाले. शेवटी शेषरावांनी टेबलावर मूठ आपटली.

"सोडा म्हंजे सोडा!"

टाळ्या पडल्या. सुचिताने वहीत लिहिलं, 'सोडणे म्हणजे सोडणे, असे सर्वानुमते ठरले.'

ठराव घेऊन शेषराव संघाच्या कार्यालयात गेले. अध्यक्ष महादेवराव म्हातारे आणि फार सभ्य. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, ठराव दोनदा वाचला.

"बरं. मंग आता तुमाले काय पाह्यजे, शेषरावभाऊ?"

"शेड पाह्यजे. काटा पाह्यजे. ट्रक पाह्यजेत. क्रेटची सक्ती नाई पाह्यजे."

"म्हंजे जे होतं तेच. फक्त नियम नको."

"हाव."

"भाऊ, सोयरीक मोडल्यावर पंगतीले कोनी बसू देते का?" महादेवराव आवाज न चढवता म्हणाले. शेषरावांनी चहा तसाच ठेवला आणि उठले. गावात येऊन त्यांनी सांगितलं, बोलणी फार चांगली झाली, संघवाले घाबरले आहेत.

निघण्याची तारीख दसऱ्याची ठरली. मग दिवाळीनंतरची. मग संक्रांतीची. प्रत्येक वेळी पारावर सभा व्हायची. अर्धे लोक ओरडायचे, अजून काऊन नाही सोडला? उरलेले ओरडायचे, काऊन सोडता? दर सभेनंतर समितीतला एक जण राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून समितीला शिव्या घालायचा. भावाभावांत बोलणं बंद झालं. एका घरात साखरपुड्याच्या जेवणात हा विषय निघाला आणि वरण तसंच राहिलं. शेवटी संक्रांतीला खिरोळीने संघ सोडला. पुन्हा डफडी वाजली, पण या वेळी वाजवणाऱ्यांनी मजुरी आधी मागून घेतली.

महिनाभरात मृग बहाराची संत्री तोडणीला आली.

बागेत व्यापारी आलाच नाही. त्याला शेडवर दहा गावांचा निवडलेला माल एका जागी मिळायचा, तो खिरोळीच्या कच्च्या रस्त्याने कशाला येईल? मग ट्रॅक्टर भरून लोक शेडवर गेले. तिथे सभासदांची एक रांग होती आणि बाहेरच्यांची एक. बाहेरच्यांच्या रांगेत फक्त खिरोळी होती. माल कोणत्या गावचा, कोणत्या गट नंबरातला, कोणी तोडला, असा फॉर्म भरायचा, तोही तीन प्रतींत. काट्यावर संघर्ष नावाचा कारकून बसायचा. तो खिरोळीच्या लोकांना नावाने ओळखायचा, कारण बारा वर्षं तोच वजन करत होता.

"गाव?" तो विचारायचा.

"अबे, मले ओयखत नाई का तू?"

"ओयखतो ना काका. पन फॉर्मवर लिहा लागते."

फॉर्म भरून होईतो ऊन वर चढायचं. सभासदांची रांग संपल्याशिवाय बाहेरच्यांची सुरू होत नसे. तिसऱ्या दिवशी खिरोळीच्या ट्रॅक्टरांखाली संत्र्यांचा रस गळायला लागला आणि माश्यांनी तरी गावाचा माल मनापासून उचलला.

पुढच्या ग्रामसभेला पटांगण पुरलं नाही. बाया पुढे होत्या. ज्यांनी नाचत गुलाल उधळला होता तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. "आमाले कोनी सांगतलं नाई!" "फसोलं आमाले!" कोणी म्हणालं, पुन्हा मत घ्या. कोणी म्हणालं, एकदा घेतलं ते घेतलं, गावाला शब्द आहे की नाही? कोणीतरी शेषरावांच्या दिशेने एक सडकं संत्रं भिरकावलं. ते सुचिताच्या वहीवर पडलं.

तिने वही पुसली आणि उभी राहिली. "ज्यांनी सोडायला मत दिलं होतं त्यांनी हात वर करा. त्यांच्याशीच आधी बोलू."

एक हात वर आला. तोही एका आजोबांचा, ज्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता.

इकडे आशाबाई गप्प बसली नव्हती. संघाचा एक नियम असा होता की गाव संघात नसलं तरी बचत गटाला स्वतः सभासद होता येतं, गटातल्या निम्म्या बाया सभासद गावच्या असल्या की झालं. तिने बोरदरीतल्या बहिणी, वहिनी, मैत्रिणी गटात घेतल्या आणि गट बोरदरीत नोंदवला. गटाच्या नावावर सभासदाच्या बागेचा मालही घालता यायचा. तिचं तिखट पहिल्या आठवड्यात गाडीत चढलं.

ही बातमी पसरली आणि खिरोळीत सुनांच्या माहेरांना एकाएकी मान आला. दहा दहा वर्षं सासरी न गेलेले जावई मिठाईचे पुडे घेऊन निघाले. साळ्याला लाडाने हाका मारू लागले. ज्यांच्या बायका खिरोळीच्याच होत्या त्यांचे चेहरे पाहवत नव्हते. एकाने तर बापाला तोंडावर विचारलं, "माही सोयरीक गावातच काऊन केली?"

शेषरावांची बाग उभीच होती. फळ गळायला लागलं तेव्हा एका दुपारी तेही बोरदरीला गेले, साळा राजकुमारकडे. तो ओसरीवर क्रेट धुवत होता.

"या भाऊजी. ऐदी लोकाईच्या गावात कसे काय येनं केलं?"

शेषराव ओसरीच्या कडेला टेकले. "ते भाषनात बोला लागते, राजकुमार."

"आमी पन भाषनच समजलो." राजकुमारने त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं, ठेच्यावर तेल वाढलं आणि मग म्हणाला, "माल ताईच्या नावावर घाला. गटाची सभासद ती हाय. पन निवडून आना. लहान, मोठं, मधलं, वेगयं वेगयं. क्रेटमंदी."

शेषरावांनी चार दिवस स्वतः बसून संत्री निवडली. ट्रॅक्टर सभासदांच्या रांगेत लागला. संघर्षने वर न बघता विचारलं, "गाव?"

"बोरदरी," शेषराव म्हणाले, जरा हळूच.

"नाव?"

"आशाबाई शेषराव ढगे."

संघर्षने लिहून घेतलं. माल तासाभरात काट्यावरून उतरला.

पावसाळ्याच्या तोंडाशी खिरोळीने परत सभासद होण्याचा अर्ज केला. नियमाप्रमाणे बाकीच्या दहाही गावांची संमती हवी होती. नऊ गावांनी दिली. बोरदरीची सभा राहिली होती. ती तिथल्या देवळासमोर भरली. शेषराव आशाबाईसोबत आले होते. राजकुमारने अर्ज वाचला आणि विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का.

आणि शेषराव उभे राहिले. आशाबाईने त्यांचा सदरा मागून ओढला, तरी उभे राहिले.

"मी दोन्हीकडचं पाह्यलं, म्हनून बोलतो," ते म्हणाले. "घाई करू नका. ते लोकं आज येतीन, उद्या जातीन. त्याईचा माल शेडवर आला तं आपल्या बोरदरीचा भाव पडन. आपल्या गावाचं आपन पाह्यलं पाह्यजे."

मागच्या बाजूला दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग आणखी चौघांनी. शेषरावांची छाती जरा वर आली.

"भाऊजी, बसा," राजकुमार म्हणाला. "तुमाले मत नाई. सभासद ताई हाय."

"पन मी तं..."

"तुमी तिचे मालक. तेवढंच लिहेल हाय फॉर्मवर."

मत मोजलं. आशाबाईने हात वर केला, तिच्या गटातल्या सगळ्या बायांनी केला, आणि खिरोळीला संमती मिळाली. नऊ हात विरोधात होते. ते शेषरावांच्या भाषणाने नुकतेच पटलेले.

खिरोळी परत संघात आली, पण पहिली तीन वर्षं सभेत बसायचं, बोलायचं नाही, या अटीवर. गावाने ती अट पाच मिनिटांत मान्य केली. सुचिताने बदलीचा अर्ज दिला होता, तोही त्याच आठवड्यात मंजूर झाला. ती लोणारला गेली. शेषरावांचा माल अजून बोरदरीच्याच नावाने जातो. गाव बदलून घ्या, असं आशाबाईने त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, "राहू दे. खिरोळीच्या लोकाईचा भरोसा नाई."